वकील न लावता तक्रार करायची आहे, कोर्टाचा फॉर्म सोलापुरात कुठे मिळेल?

शिलाई_घरकुल
नमस्कार. मी विडी घरकुलात राहते, घरीच शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम करते. गेल्या वर्षी गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) संपल्यावर पुण्याच्या एका दुकानातून ओव्हरलॉक मशीन मागवलं. ४१,५०० रुपये, एक वर्षाची वॉरंटी. चौथ्या महिन्यातच लूपर (खालचा दोरा ओवणारा भाग) सुईला धडकायला लागला, टाका सुटायला लागला. त्यांचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. नंतर 'पार्ट मागवलाय' म्हणत वॉरंटी संपवली आणि आता म्हणतात दुरुस्तीचे साडेनऊ हजार भरा. जूनच्या तोंडावर, ऐन सीझनमध्ये मशीन बंद होतं, हातातलं काम दुसरीकडे गेलं.

कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या एकाला विचारलं, ग्राहक कोर्टाचा फॉर्म मिळेल का. तो म्हणाला, 'दीड हजार द्या, तयार आहे, फक्त नाव बदलायचं.' एका वकिलांनी पंधरा हजार सांगितले. मशीनच एक्केचाळीसचं, त्यातले पंधरा वकिलाला दिले तर उरलं काय? फॉर्म मिळाला तर मी स्वतः भरीन. दहावी झालेय, अक्षर चांगलं आहे.

नवीपेठकर
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. जितके दिवस चकरा माराल तितके दिवस शिवणकाम केलंत तर नवं मशीन येईल. सोडून द्या.

शिलाई_घरकुल
दादा, सोडून द्यायचं म्हणूनच इतके महिने गप्प होते. पण मशीन बंद आहे आणि बचत गटाचा हप्ता चालू आहे.

चादरवाला
टायपिंगवाल्याचा दीड हजाराचा फॉर्म घेऊ नका ताई, लैच जुना माल असतो त्यांच्याकडं. माझ्या मेहुण्याला दिलता त्यात शेवटच्या पानावर दुसऱ्याच माणसाची सही होती बे.

निवृत्त_शिरस्तेदार
ताई, जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांत तीसेक वर्षं टेबलावर काढलीत, शेवटची काही शिरस्तेदार म्हणून. खिडकीवर रोज एक तरी माणूस यायचा, 'साहेब, फॉर्म द्या.' कसला? 'केस करायचा.' तेव्हा जे त्यांना सांगायचो तेच तुम्हाला सांगतो.

बँकेत पैसे भरायची स्लिप असते तसा छापील फॉर्म कोर्टात फार थोड्या कामांना असतो. नकलेचा अर्ज, वकीलपत्र, जामिनाचं बंधपत्र, असलं काही. बाकी दावा असो, तक्रार असो की किरकोळ अर्ज, तो कोऱ्या कागदावर लिहायचा असतो. त्याला ठरलेली मांडणी असते: वर न्यायालयाचं नाव, खाली पक्षकार, मग क्रमांक घातलेले परिच्छेद, शेवटी मागणी, सत्यापन (वरचं सगळं खरं आहे अशी कबुली) आणि सही. तुम्हाला हवी आहे ती ही मांडणी. आणि ती विकत घ्यावी लागत नाही, कारण बऱ्याच कामांची ती कायद्यातच छापलेली आहे. लोक कायद्याचं पुस्तक पुढून उघडतात. नमुने पाठीमागे असतात.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ घ्या. तिच्या परिशिष्ट 'अ' मध्ये दाव्यांचे नमुने आहेत. उसने दिलेले पैसे, विकलेल्या मालाची किंमत, असे एकेका प्रकाराचे. एकेक नमुना जेमतेम पानभर आहे. आमच्याकडे चाळीस पानी दावे यायचे आणि त्यात मुद्दा तिसाव्या पानावर सापडायचा, तेव्हा मला तो पानभराचा नमुना फार आठवायचा. फौजदारी कामाचे नमुने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. सगळे कायदे सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल आहे. खालच्या कोर्टांचं कामकाज त्यावरच चालतं.

ग्राहक आयोगाच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक कोर्टाच्या, तक्रारीला मात्र असा छापील साचा नाही. ते एका परीने बरंच आहे. तुमची हकीकत तुमच्या शब्दांत लिहा, मराठीतच लिहा. तो टायपिंगवाला दाखवायला तयार असेल तर त्याच्या 'तयार फॉर्म'ची पहिली ओळ तेवढी वाचून या. मला एक शंका आहे.

शिलाई_घरकुल
काका, आज गेले होते. पहिली ओळ अशी होती, 'ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चे कलम १२ अन्वये तक्रार'.

निवृत्त_शिरस्तेदार
तेच वाटलं होतं. १९८६ चा कायदा गेला. २० जुलै २०२० पासून २०१९ चा कायदा लागू आहे आणि त्यात जिल्हा आयोगापुढची तक्रार कलम ३५ खाली येते. जुनं कलम घातलं म्हणून तक्रार मरत नाही. पण ज्याला एवढं माहीत नाही त्याला दीड हजार कशाचे द्यायचे? पोटगीच्या अर्जांचं तसंच. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, पण अजून जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ चेच साचे विकले जातात.

बार्शीचा_पाहुणा
मी स्वतः विम्याच्या एका दाव्यासाठी आयोगात वकिलाशिवाय गेलो होतो. निकाल माझ्या बाजूने लागला, पण ते एक असो. घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण कायदा कुणीही सांगतो, पान नंबर कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा माझी फाईल परत आली. कारण काय, तर कागदांना सलग पान क्रमांक नव्हते, प्रतिज्ञापत्राच्या एकाच पानावर सही होती आणि बिलाची झेरॉक्स काळी आली होती. थर्मल कागदावरचं बिल असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवा. माझं बिल उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात कोरं झालं. अक्षरशः कोरा कागद, वर फक्त दुकानाच्या लोगोची सावली.

फाईल अशी लावली: वर अनुक्रमणिका, मग तारखांचा घटनाक्रम एका पानात, मग तक्रार, मग प्रतिज्ञापत्र, शेवटी कागदांची फेरिस्त (यादी) आणि तिच्या क्रमाने कागद. माझ्याकडून तीन संच घेतले आणि वर विरुद्ध पक्ष जितके तितके जास्तीचे. ऑनलाइन भरायचं तर पूर्वी ई-दाखिल होतं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. मोबाइल नंबरवर नोंदणी होते, घरबसल्या तक्रार चढवता येते. मी तेव्हा ई-दाखिलवर भरली होती, तरी कागदी संच नेऊन द्यावाच लागला.

फी: तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य. तुमची ४१,५००, म्हणजे एक रुपयाही नाही.

नवीपेठकर
आणि पुण्याला चकरा कोण मारणार? दुकान पुण्याचं आहे.

काळा_कोट
मारायच्या नाहीत. जुन्या कायद्यात ती अडचण होती. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पुण्याचा दुकानदार सोलापुरात येईल.

मी वकील आहे, सोलापुरातच. ताईंनी स्वतः लढावं याला माझा विरोध नाही. पक्षकाराला स्वतःचं काम स्वतः चालवायचा पूर्ण हक्क आहे. पण दोन प्रश्नांची उत्तरं आधी द्या. बिल कुणाच्या नावाचं आहे? आणि मशीनवर तुम्ही एकट्याच बसता की बायका लावल्यात?

शिलाई_घरकुल
बिल मिस्टरांच्या नावाने आहे, खाली कंसात 'टेलर्स' लिहिलंय. ते शिवत नाहीत, ते ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. मशीनवर मीच बसते. सीझनला जाऊबाई काजं-बटणाला मदत करतात, बस.

काळा_कोट
मग नीट वाचा, कारण दुकानदाराचा वकील पहिलं म्हणणं हेच मांडणार की माल व्यापारी कारणासाठी घेतला, म्हणून हे ग्राहकच नाहीत. 'टेलर्स' हा एक शब्द त्याला पुरेसा आहे.

याचं उत्तर कायद्यातच आहे. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी कारणा'त धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात हेच उलगडून सांगितलंय, रिक्षावाला स्वतः रिक्षा चालवतो अशा धाटणीची उदाहरणं देऊन. एकदोन माणसांची मदत घेतली तर बिघडत नाही, हेही तिथे आहे. पण न्यायालय हे आपण होऊन धरून चालत नाही, तुम्हाला तक्रारीत लिहावं लागतं. एक स्वतंत्र परिच्छेद घाला: मी घरी स्वतः या मशीनवर शिवते, कुटुंबाची उपजीविका यावर आहे, पगारी माणूस नाही.

बिल मिस्टरांच्या नावाचं असल्यानेही अडत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा हाही ग्राहकच. तक्रारदार क्रमांक १ ते, क्रमांक २ तुम्ही, असं दोघांनी मिळून दाखल करा.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. कधीपासून मोजायची यावर वाद नको असेल तर खरेदीच्या तारखेपासूनच मोजा आणि त्याच्या आत दाखल करा. आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करा, कधीकधी दुकानदार तेवढ्यावर वठणीवर येतो. पण हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे म्हणून मुदतीचं घड्याळ थांबत नाही, हे लोकांना कुणी सांगत नाही. माझ्याकडे अशी एक बाई आली होती, सगळं खरं, सगळे कागद, आणि मुदत उलटून तीन महिने झालेले. विलंब माफीचा अर्ज द्यावा लागला.

निवृत्त_शिरस्तेदार
वकीलसाहेब, तुम्ही ताईंना सर्वात महत्त्वाचं सांगितलंच नाही. की मुद्दाम?

काळा_कोट
सांगतो हो, एका पोस्टमध्ये किती लिहू. ताई, तुम्ही स्त्री आहात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांनाही तसंच. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. साध्या कागदावर अर्ज चालतो. ग्राहक आयोगातल्या कामालाही ही मदत आहे, फक्त कोर्टातल्याच नाही. फोन १५१००.

नवीपेठकर
फुकटचा वकील फुकटासारखंच काम करणार.

काळा_कोट
मी विधी सेवेच्या वकिलांच्या पॅनेलवर होतो चार वर्षं. मानधन कमी आणि उशिरा, हे खरं. काहीजण तारखेला जात नाहीत, हेही खरं. पण तसं झालं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. सचिव हे न्यायाधीशच असतात. पैसे देऊन लावलेल्या वकिलाची तक्रार तुम्ही कुणाकडे करता, नवीपेठकर?

नवीपेठकर
बायकोकडे.

कंबरतलाव
थोडं विषयांतर. माझ्या मैत्रिणीला घरात मारहाण होते. तिला वकिलाकडे जाता येत नाही, घरून पैसे मिळत नाहीत, फोनही तपासतात. तिच्यासाठी असा काही नमुना आहे का?

निवृत्त_शिरस्तेदार
आहे, आणि हा खरोखर छापील आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण कायदा २००५ खाली २००६ चे नियम आहेत, त्यात नमुना २ हा कलम १२ चा अर्ज. काय हवं त्यावर खुणा करायच्या: संरक्षण, राहण्याचा हक्क, पैसे, मुलांचा ताबा. तिने तो स्वतः भरायलाच हवा असंही नाही. संरक्षण अधिकारी नमुना १ मध्ये घटनेचा अहवाल तयार करतात आणि अर्ज करायला मदत करणं त्यांचं कामच आहे. विधी सेवा प्राधिकरणही आहेच. फोन तपासतात म्हणता, तर तिने तुमच्या फोनवरून १५१०० लावावा. महाराष्ट्रात पोटगी, हिंसाचार, घटस्फोट, मालमत्ता अशा वादांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ च्या अधिसूचनेने माफ आहे, तेही लक्षात असू द्या. जीवावर बेतत असेल तर अर्जबिर्ज नंतर, आधी ११२.

कंबरतलाव
धन्यवाद काका. उद्या भेटते तिला.

होटगीरोड
मीही घुसतो. वडील वारले, सहकारी बँकेत ३ लाख ८० हजारांची ठेव, नॉमिनी नाही. बँक म्हणते 'कोर्टाचा वारस दाखला आणा'. तलाठ्याकडे वारस नोंद झालीय, तो उतारा दाखवला तर म्हणतात चालत नाही. फॉर्म कुठला?

निवृत्त_शिरस्तेदार
वारस या एका शब्दाखाली लोक तीन वेगळे कागद घालतात. तलाठ्याकडची वारस नोंद ही सातबाऱ्यापुरती. कोर्टाचा वारस दाखला हा मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ खालचा. हो, १८२७. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा आजही आपल्या कोर्टात चालतो. आणि ठेवी, शेअर्स, येणी वसूल करायला लागतं ते भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ३७२ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. त्याला जाहीर नोटीस निघते, हरकतींची वाट पाहतात, फीही चांगली लागते.

पण तुम्हाला कदाचित यातलं काहीच लागणार नाही.

काळा_कोट
बरोबर. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश आहेत. नॉमिनी नसेल आणि वारसांत वाद नसेल तर सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीने दावा निकाली काढायचा. क्षतिपूर्ती बंधपत्र (बँकेचं नुकसान झालं तर भरून देऊ अशी हमी), बाकी वारसांचं नाहरकत, एवढ्यावर. मॅनेजरला लेखी अर्ज द्या, त्या निर्देशांचा उल्लेख करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी 'कोर्टात जा' म्हणणारा माणूस लेखी उत्तर द्यायची वेळ आली की फाईल उघडून बघतो. हे बँकेचं, हां. पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचं हे लागू नाही.

होटगीरोड
बँकच आहे. पोचेचं लक्षात घेतो.

शिलाई_घरकुल
काका, सुरुवात लिहिलीय. रागवू नका.

'मी एक गरीब महिला असून विरुद्ध पक्षाने माझी घोर फसवणूक केली आहे. त्यांनी मला गोड बोलून खराब मशीन गळ्यात मारले व वारंवार फोन करूनही उडवाउडवीची उत्तरे दिली. त्यामुळे मला अतोनात त्रास झाला असून माझी झोप उडाली आहे.'

निवृत्त_शिरस्तेदार
रागवण्यासारखं काही नाही, सगळे असंच लिहितात, काही वकीलसुद्धा. पण यात एकही तारीख नाही, एकही कागद नाही. समोरचा 'हे सर्व नाकबूल' अशी एक ओळ लिहून मोकळा होईल. त्याला नाकबूल करायला जड जाईल असं लिहा. मी तुमच्या पहिल्या पोस्टवरून नमुना देतो, तारखा तुम्ही भरा:

'३. दि. … रोजी तक्रारदारांनी विरुद्ध पक्षाकडून ओव्हरलॉक मशीन रु. ४१,५०० देऊन खरेदी केले. बिल कागद क्र. १. वॉरंटी एक वर्ष, वॉरंटी कार्ड कागद क्र. २.
४. दि. … रोजी मशीनचा लूपर सुईला धडकू लागला व टाका सुटू लागला. तक्रारदार क्र. २ यांनी त्याच दिवशी विरुद्ध पक्षास व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले. कागद क्र. ३.
५. दि. … रोजी विरुद्ध पक्षाचा मेकॅनिक आला व त्याने लूपर बदलला. जॉबकार्ड कागद क्र. ४. … दिवसांनी तोच दोष पुन्हा आला.'

एका परिच्छेदात एक घटना, शेवटी तिचा कागद. झोप उडाली ते शेवटी, मानसिक त्रासाच्या भरपाईत, एका वाक्यात. 'गोड बोलून गळ्यात मारले' काढून टाका. वाक्य छान आहे, पण इथे उपयोगाचं नाही.

चादरवाला
काका तुम्ही रिटायर का झालात ओ.

काळा_कोट
नमुना उत्तम. दोन गोष्टी जोडतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट लावताय, तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लावा. याचा नमुनाही कायद्याच्या शेवटी अनुसूचीत आहे, भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा. आयोगात पुराव्याचे नियम कोर्टाइतके काटेकोर लावत नाहीत, पण हरकतीला जागा का ठेवायची? आणि तो फोन विकू नका.

दुसरं, मशीनमध्ये दोष होता हे तुम्ही म्हणून चालणार नाही. सोलापुरात गारमेंटचे कारखाने एवढे आहेत, त्यांची मशीनं दुरुस्त करणारा जाणता मेकॅनिक गाठा. त्याच्याकडून मशीन तपासून लेखी अहवाल आणि त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या: दोष काय, वापराने झाला की मुळात होता. माझ्या अनुभवात या एका कागदावाचून जितक्या तक्रारी पडतात तितक्या दुसऱ्या कशाने नाही. बुडालेल्या कामाची भरपाई मागणार असाल तर ज्यांनी गणवेशाचं काम काढून घेतलं त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणा. नसतील देत तर तो आकडा मागू नका.

शिलाई_घरकुल
मेकॅनिक आहे ओळखीचा, पण तो कोर्टाच्या कागदावर सही करायला घाबरतो.

बार्शीचा_पाहुणा
त्याला सांगा, आयोगात सहसा सगळं प्रतिज्ञापत्रांवर चालतं, पिंजऱ्यात उभं करत नाहीत. माझा सर्व्हेअर याच भीतीने आठ दिवस फोन उचलत नव्हता.

शिलाई_घरकुल
प्रतिज्ञापत्राला ५०० चा बॉण्ड लागतो ना? मग दोन म्हणजे हजार रुपये.

निवृत्त_शिरस्तेदार
नाही. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात १ जुलै २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद. शपथ घेऊन देणाऱ्याची जी काही फी असेल ती द्या. स्टॅम्प विकणारा 'लागतोच' म्हणाला तर त्याला आदेश विचारा.

आणि आधी दुकानदाराला नोटीस पाठवा, १५ दिवसांची. कायद्याने सक्तीची नाही, पण आयोग पहिलं विचारतो की तुम्ही त्यांना संधी दिली होती का. रजिस्टर एडी शोधत बसू नका, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. पोच मागा, पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपून ठेवा.

अक्कलकोटरोड_९
याच धाग्यात विचारतो. आमच्या बांधाचा वाद आहे, चुलत्यांशी. मीही परिशिष्ट 'अ' बघून स्वतः दावा टाकू का?

काळा_कोट
तुम्ही नको. जमीन, वाटप, ताबा, मनाई हुकूम, यात पहिला कागद चुकला की पुढची दहा वर्षं तो दुरुस्त करत बसावं लागतं. माझ्या एका पक्षकाराने स्वतः दावा टाकताना गट नंबर बरोबर लिहिला आणि चतु:सीमा जुन्या खरेदीखतावरून उतरवली, पूर्व-पश्चिम उलटी. हुकूम झाला, पण अंमल कुणाच्या बांधावर करायचा हेच बेलिफाला कळेना. ताईंच्या कामात रक्कम ठरलेली, कागद पाच, समोर एक दुकानदार. तुमच्यात रक्ताची नाती आणि तीन पिढ्यांचे फेरफार आहेत. फौजदारीत आरोपी असाल तरी तसंच, वकील हवाच. परवडत नसेल तर विधी सेवा.

स्वतः करण्यासारखं एक सांगतो. चुलते गुपचूप एकतर्फी हुकूम आणतील अशी भीती असेल तर कॅव्हेट टाका, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ. ९० दिवस टिकते, नंतर नवी टाकायची. कागद दोन पानी.

अक्कलकोटरोड_९
हायकोर्टात गेलं तर कोल्हापूर की मुंबई?

काळा_कोट
सोलापूर आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून. पण तुम्ही अजून तहसीलची पायरी चढला नाहीत, एकदम हायकोर्ट काय.

नियंत्रक
एका सदस्याने इथे स्वतःचा मोबाइल नंबर देऊन 'सर्व कोर्ट फॉर्म मिळतील' अशी जाहिरात केली होती, ती काढली आहे. धागा चांगला चाललाय, तसाच राहू द्या.

शिलाई_घरकुल
दोन महिन्यांनी लिहितेय. नोटीस पाठवली, उत्तर नाही. मेकॅनिकने शेवटी सही केली. विधी सेवाच्या कार्यालयातही गेले होते. तिथल्या मॅडमनी तक्रार वाचून पाहिली, म्हणाल्या वकील देतो, हवाय का? मी म्हटलं आधी स्वतः करून बघते, अडलं तर येते. त्यांनी मागणीच्या परिच्छेदात 'किंवा त्याच प्रकारचे नवीन मशीन द्यावे' एवढं जोडायला सांगितलं. मी नुसते पैसेच मागितले होते.

पहिल्यांदा फाईल परत आली, पाहुणे म्हणाले तशीच, पान क्रमांक अनुक्रमणिकेपासून घातले नव्हते. रात्री लेकीने बसून लाल पेनने घातले, दोनदा खाडाखोड झाली म्हणून ती सहा पानं पुन्हा झेरॉक्स केली. एकूण खर्च झेरॉक्स, पोस्ट, नोटरी आणि रिक्षा धरून ८६० रुपये. तक्रार दाखल करून घेतली, त्यांना नोटीस निघाली.

आणि काल दुकानदाराचा फोन! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, 'ताई, एवढ्यासाठी केस करतात का, मशीन पाठवून द्या, बघून घेतो, केस मागे घ्या.' काय करू?

नवीपेठकर
केस मागे घ्या म्हणाला म्हणजे नोटीस लागली बरोबर जागी. मशीन पाठवू नका! पुरावा आहे तो.

काळा_कोट
नवीपेठकर आज पहिल्यांदा कायद्याचं बोलले. ताई, फोनवर हो-नाही काही म्हणू नका. म्हणा, जे द्यायचंय ते लेखी द्या. तडजोड करायची तर आयोगापुढे पुर्सिस (सहीचं लेखी निवेदन) देऊन करा, म्हणजे त्याला पाळावीच लागेल. मागे आधी घेतली आणि पैसे नंतर, असं अजिबात नको. म्हणणं द्यायला त्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आहेत, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५, त्यापुढे नाही. हे त्यालाही त्याच्या वकिलाने सांगितलं असणार, म्हणून फोन.

शिलाई_घरकुल
सांगितलं तसंच बोलले. 'लेखी द्या' म्हटल्यावर म्हणाला वकिलांना विचारून कळवतो.

उद्या सकाळी तारीख आहे. एक बावळट प्रश्न विचारू का? आमचं नाव पुकारलं की काय म्हणायचं? 'हजर' की 'उपस्थित'?

निवृत्त_शिरस्तेदार
'हजर' म्हणा, पुढे या, 'तक्रारदार स्वतः' एवढं सांगा. मिस्टरांना सुट्टी मिळत असेल तर बरोबर आणा, त्यांचंही नाव आहे. तारखेचा बोर्ड बाहेर लावतात, त्यात आपला क्रमांक बघून ठेवा म्हणजे पाणी प्यायला कधी जायचं ते कळतं.

चादरवाला
आणि फोन सायलेंटवर ठेवा ताई. आमच्या मेहुण्याचा तिथं 'झिंगाट' वाजला होता.